नाटकवाल्याच्या घरातला शिपाई

सांगलीच्या खणभागात राहणाऱ्या एका कुटुंबाने आपल्या घरातील पहिल्या महायुद्धात मरण पावलेल्या सैनिकाचा माग काढून द्यावा, अशी विनंती मला केली होती. विनंती करणारा तरुण पुण्यात नोकरीला आहे, परंतु घरातली खरी माहितगार व्यक्ती म्हणजे त्याची पंच्याऐंशी वर्षे ओलांडलेली आजी. सैनिक हा तिच्या नवऱ्याचा चुलता, म्हणजे तिचा चुलतसासरा. तो अविवाहित मेल्यामुळे आजचे कुटुंब त्याच्या धाकट्या भावाच्या वंशातले आहे. सैनिकाचे वडील, म्हणजे आजींचे आजेसासरे, नाटक मंडळीत होते. कुटुंबाच्या इच्छेनुसार या टिपणात कोणाचेही नाव किंवा मूळ गाव दिलेले नाही. शोध कसा झाला आणि कुठे अडला, एवढेच सांगितले आहे.

काम हाती घेतले तेव्हा घरात तीन गोष्टी होत्या. पहिली म्हणजे भिंतीवरचा एक फोटो, ज्यात लष्करी कोट घातलेला, तलवार टेकून उभा असलेला मिशाळ पुरुष दिसतो आणि ज्याला दर पितृपंधरवड्यात हार घातला जातो. दुसरी म्हणजे देव्हाऱ्यात निरांजनाखाली ठेवलेले तळहाताएवढे गोल, जड तबक. तिसरी म्हणजे आजींनी सासूकडून ऐकलेले एक वाक्य: "नाटकातल्या राजाचं पोरगं खऱ्या लढाईत गेलं, जंगी पलटणीतनं बसऱ्याला." घरच्यांच्या लेखी यातला फोटो हाच सर्वांत भक्कम पुरावा होता आणि तबक ही केवळ जुनी वस्तू होती. प्रत्यक्षात नेमके उलटे निघाले.

फोटोबद्दल माझ्या मनात पहिल्याच दिवशी शंका आली, ती पायांमुळे. कोट लष्करी धाटणीचा होता, पण पायात टोकदार चढाव होते. त्या काळच्या शिपायाच्या पोटऱ्यांना कापडी पट्ट्या गुंडाळलेल्या असत आणि पायात जाड बूट असत. बाहीवर हवालदाराच्या तीन फिती होत्या, पण हातात असलेली तलवार साहेबाची होती, आणि एकाच माणसाच्या अंगावर या दोन गोष्टी पलटणीत कधीच एकत्र आल्या नसत्या. खांद्यावर पलटणीची ओळख सांगणारी पितळी अक्षरे नव्हती. मिशीची एक कड गालापासून किंचित सुटलेली दिसत होती. तरीही एवढ्यावरून निर्णय द्यायचा नाही असे मी ठरवले, कारण जुन्या काळी स्टुडिओत जाऊन उसना पोशाख घालून फोटो काढण्याची हौस खऱ्या शिपायांनाही असे. निकाल लावला तो दुसऱ्या एका फोटोने. घरातल्या ट्रंकेत, लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली, मुकुट घातलेल्या राजाचा एक फोटो सापडला. त्यातल्या सिंहासनाचा सिंहमुखी पाय, मागच्या रंगवलेल्या पडद्यावरची कमान आणि राजाच्या डाव्या भुवईवरची खोक या तिन्ही खुणा भिंतीवरच्या फोटोतही होत्या. दोन्ही फोटो एकाच माणसाचे होते आणि दोन्ही नाटकातले होते.

आजींना हे सांगणे अवघड गेले. त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, "मग इतकी वर्षं मी हार घातला तो कुणाला?" मी म्हणालो, "तुमच्या आजेसासऱ्यांनाच, आजी. हार वाया गेलेला नाही." सैनिकाचा स्वतःचा फोटो मात्र घरात एकही नव्हता, हे त्या दिवशी स्पष्ट झाले.

आता तबकाकडे वळलो. वर्षानुवर्षे चिंचेने आणि राखेने घासल्यामुळे त्यावरची उठावाची चित्रे गुळगुळीत झाली होती, पण वस्तू ओळखण्यात चूक होण्यासारखी नव्हती. हातात पुष्पचक्र धरलेली उभी स्त्री म्हणजे ब्रिटनचे प्रतीक असलेली ब्रिटानिया, तिच्या पायाशी सिंह, बाजूला दोन डॉल्फिन, आणि कडेने 'स्वातंत्र्यासाठी व सन्मानासाठी तो मरण पावला' या अर्थाचे इंग्रजी वाक्य. पहिल्या महायुद्धात मरण पावलेल्या सैनिकांच्या वारसांना ब्रिटिश सरकारने दिलेले हे ब्राँझचे स्मृतिपदक आहे. त्याचा व्यास सुमारे १२ सेंटिमीटर असतो. त्यावर मृताचे नाव एका चौकटीत उठावात असते. हुद्दा, पलटण किंवा क्रमांक यांपैकी काहीही नसते. मरणात सगळे समान, अशी त्यामागची कल्पना होती. ती उदात्त असेल, परंतु शंभर वर्षांनी शोध घेणाऱ्याची त्यामुळे पंचाईत होते. याच्या जोडीने मिळणारे चांदीचे युद्धपदक अधिक उपयोगाचे ठरले असते, कारण त्याच्या कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. ते घरात होते, असे आजींना आठवत होते. "चांदीचं होतं ना, एका लग्नात मोडलं, जोडवी केली." ब्राँझला सोनाराकडे किंमत नसल्यामुळे तेवढे तबक उरले.

पदकावर पातळ कागद ठेवून त्यावर शिसपेन्सिल आडवी फिरवली, तेव्हा नावाची अक्षरे उमटली. पहिले नाव आजींच्या आठवणीशी जुळणारे होते. आडनाव मात्र घरातल्या कोणाच्याही परिचयाचे नव्हते. आजचे कुटुंब गावाच्या नावाला 'कर' लावून ओळखले जाते, आणि पदकावर होते ते दख्खनच्या मराठ्यांमध्ये गावोगाव आढळणारे एक साधे कुळाचे आडनाव. नातवाला वाटले की पदक दुसऱ्याच कोणाचे तरी आहे. मला तसे वाटले नाही, आणि त्याचे कारण नाटकात होते.

रंगभूमीवरचे नाव आणि कागदावरचे नाव यांच्यात अंतर असणे या भागात मुळीच नवे नाही. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत 'सीतास्वयंवर'चा प्रयोग करून मराठी नाटकाचा पाया घालणारे विष्णुदास म्हणजे विष्णू अमृत भावे. पलूस तालुक्यातील नागठाण्याचे बालगंधर्व कागदोपत्री नारायण श्रीपाद राजहंस होते. वाळवे तालुक्यातील रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. नाटक मंडळ्यांची नावेसुद्धा गावावरूनच पडत. चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन १८५१ मध्ये वारल्यावर सांगली दरबारचा आश्रय आटला, भाव्यांची मंडळी फिरतीवर निघाली, आणि पुढे सांगलीकर, इचलकरंजीकर, आळतेकर, कोल्हापूरकर अशा मंडळ्या निघाल्या. अशा मंडळीत काम करणाऱ्या नटाला परगावचे प्रेक्षक 'अमुक गावचा' म्हणून ओळखत. जाहिरातीत, हँडबिलात तेच छापले जाई आणि मुलाबाळांना तेच चिकटे. या घरात तसेच झाले असावे, असा माझा तर्क होता. धाकटा मुलगा शाळेत गेला तेव्हा मास्तरांनी बापाच्या नाटकातल्या नावावरून आडनाव लिहिले, आणि थोरला भरती झाला तेव्हा पलटणीच्या कारकुनाने कुळाचे आडनाव विचारून लिहिले. सख्ख्या भावांची आडनावे वेगळी झाली ती अशी. मराठा पलटणींची भरती जात आणि प्रदेश पाहून होत असे, दख्खनी मराठा आणि कोकणी मराठा असा भेद तिथे कटाक्षाने केला जाई. त्यामुळे तिथे रंगमंचावरचे नाव चालण्यासारखे नव्हते. धाकट्या भावाच्या शाळेतील दाखल-खारीज रजिस्टरच्या उताऱ्याने या तर्काचा निम्मा भाग खरा ठरला.

पदकावरचे नाव घेऊन राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदी पाहिल्या. आयोगाने ठेवलेल्या भारतीय शिपायांच्या नोंदींत पुष्कळदा वडिलांचे नाव, गाव, तालुका आणि जिल्हा दिलेला असतो. ब्रिटिश शिपायांच्या नोंदींपेक्षा या बाबतीत त्या काही वेळा अधिक उपयोगी पडतात. मात्र नावे त्या काळच्या इंग्रज कारकुनाच्या कानाला जशी ऐकू आली तशी लिहिलेली आहेत. वाळव्याचे स्पेलिंग दोन-तीन प्रकारे येते, 'ळ' आणि 'ण' यांना तर वालीच नाही. ज्यांना हे काम करायचे आहे त्यांनी नाव मोठ्याने उच्चारून ते किती प्रकारे लिहिता येईल याचा विचार आधी करावा आणि मग शोधावे. असे सगळे प्रकार धुंडाळल्यावर मराठा पलटणींमध्ये या नावाचे तीन मृत सैनिक मिळाले. एक रत्नागिरी जिल्ह्यातला, दुसरा पाटण तालुक्यातला आणि तिसरा तासगाव तालुक्यातला. शेवटचे दोघे सातारा जिल्ह्यातले म्हणून नोंदलेले होते.

इथे घरच्यांकडून एक चूक आधीच होऊन गेली होती. पदकावरचे नाव कळताच एका नातेवाइकाने हीच यादी माझ्याआधी पाहिली होती. आपण सांगलीचे, आणि यादीत सांगली कुठेच नाही, म्हणून सातारच्या दोन्ही नोंदी त्याने बाद केल्या आणि उरलेला रत्नागिरीचा सैनिक 'आपला' म्हणून घराण्याच्या वंशवृक्षात चढवला. तो वंशवृक्ष व्हॉट्सॲपवर चार पिढ्यांच्या भाऊबंदांत फिरत होता. पहिल्या महायुद्धाच्या वेळी सांगली हे पटवर्धनांचे संस्थान होते. आजच्या सांगली जिल्ह्यातले तासगाव, खानापूर, वाळवे, शिराळे हे तालुके तेव्हा ब्रिटिश मुलखातील सातारा जिल्ह्यात मोडत. १९४९ मध्ये ते संस्थानी मुलखासह दक्षिण सातारा या नव्या जिल्ह्यात गेले, आणि १९६० मध्ये त्या जिल्ह्याचे नाव सांगली झाले. म्हणजे १९१६ च्या नोंदीत 'सातारा' दिसणे हा सांगलीकराच्या विरोधातला पुरावा नसून बहुतेक वेळा त्याच्या बाजूचाच पुरावा असतो. या एका गोष्टीच्या अज्ञानामुळे आपल्या भागातली किती घरे आपल्या माणसाच्या नोंदीवरून नजर फिरवून पुढे गेली असतील, कोण जाणे.

तरी दोघांतला कोणता, हा प्रश्न राहिलाच. तो सोडवायला वडिलांचे खरे नाव हवे होते आणि घरात ते कोणालाही माहीत नव्हते. आजींना आजेसासऱ्यांचे ठाऊक होते ते 'बुवा' एवढेच. जन्मनोंदीचा उपयोग नव्हता. नाटक मंडळी बिऱ्हाडासह गावोगाव हिंडे, पहिले बाळंतपण तर बाईच्या माहेरी होई, आणि पोर कोणत्या गावच्या कोतवालाच्या वहीत नोंदले गेले, की नोंदलेच गेले नाही, हे सांगता येत नसे. कुटुंबाच्या 'कर' असलेल्या गावातही काही हाती लागले नाही. बुवांच्या नावे तिथे जमीन नसल्यामुळे फेरफाराला काही कारणच पडले नव्हते. जमीन नसलेल्या माणसाचा माग महसुली कागदांतून लागत नाही, ही आपल्याकडच्या कुलशोधातली नेहमीची अडचण आहे.

मग हेळव्याची आठवण झाली. कोल्हापूर, सांगली आणि सीमाभागातील वाचकांना हेळवी ठाऊक असतील. बैलावर बसून सुगीनंतर गावात येणारे, ठरलेल्या घरांची वंशावळ वाचून दाखवणारे आणि त्याबद्दल धान्य, कपडा, पैसा घेणारे हे लोक पिढ्यान्‌पिढ्या कुळांच्या वह्या सांभाळत आले आहेत. आता बैलाऐवजी मोटारसायकल आली आहे. मूळ गावातल्या त्याच कुळाच्या एका शेतकऱ्याकडे हेळवी दोन-तीन वर्षांतून एकदा येतो असे कळले. त्याला कळवून ठेवले आणि चार महिने थांबलो. तो आला तेव्हा आजींना गाडीने तिथे नेले, कारण घरातल्या थोरल्या माणसासमोर वही उघडायची, असा त्याचा आग्रह होता.

त्याने वाचून दाखवलेल्या मजकुरात कुळाचे आडनाव पदकावरचेच होते. चार भावांपैकी तिसऱ्याच्या नावापुढे तो 'खेळात गेला' असे म्हणाला. जुन्या लोकांच्या तोंडी नाटकाला 'खेळ' हाच शब्द होता. याच तिसऱ्याचे नाव म्हणजे बुवांचे खरे नाव. त्यापुढे बायकोच्या माहेरच्या गावाचे नाव होते, आणि मग दोन मुलगे, त्यांतला थोरला 'पलटणीत'. तिथे त्याची ओळ संपत होती. मी त्याला माहेरच्या गावाचे नाव दोनदा वाचायला लावले. ते तासगाव तालुक्यातले होते, आणि तिसऱ्या नोंदीतले सैनिकाचे गाव तेच होते. वडिलांचे नावही तेच होते. पाटणच्या सैनिकाच्या वडिलांचे नाव वेगळे होते.

या ठिकाणी संपूर्ण शोधाची दिशा उलगडली. कुटुंब आणि मीही, आम्ही सगळे बापाच्या गावाकडे पाहत होतो. बाप फिरतीवर असलेल्या घरात मुलगा वाढला आजोळी, भरती झाला आजोळाहून, आणि कागदावर त्याचे गाव म्हणून लागले ते आईचे माहेर. नाटक मंडळीला पत्ता नसतो आणि पलटणीला पत्ता लागतो; अशा वेळी घरातल्या बाईचे गाव पुढे येते. नट, तमासगीर, गोंधळी अशा फिरत्या घरांचा इतिहास शोधणाऱ्यांनी आधी आजोळ विचारावे, असे मी तेव्हापासून सांगत आलो आहे.

जुळणी नुसत्या नावांवर उभी राहू नये म्हणून आणखी एक तपासणी केली. तासगावच्या अभिलेख कक्षातून आजोळच्या गावचा गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूची वही, पाहण्याची परवानगी मिळवली. वही मोडीत होती. बुवा 'मानमोडीच्या साली' वारले, असे आजींनी सासूकडून ऐकले होते. मानमोडी म्हणजे १९१८ च्या इन्फ्लुएंझाची साथ. त्या वर्षीच्या ऑक्टोबरची पाने उलटताना हात जड होतो. एकामागून एक नोंदी आणि कारणाच्या रकान्यात सगळीकडे ताप. त्यातच बुवांचे खरे नाव, कुळाच्या आडनावासह, मिळाले. ते मेले ते बायकोच्या गावी. म्हणजे १९१८ मध्ये घर तिथेच होते, आणि युद्ध संपल्यावर स्मृतिपदक तिथेच आले. "सरकारनं तबक पाठवलं, म्हातारीनं देवापुढं ठेवलं," ही आजींच्या सासूने सांगितलेली गोष्ट त्याच गावातली. म्हातारी पलटणीच्या पेन्शनसाठी तासगावच्या कचेरीत जात असे, हेही आजींना आता आठवले. पूर्वी विचारले तेव्हा त्या सांगलीच्या कचेरीचा विचार करत होत्या, म्हणून त्यांना ते जुळत नव्हते.

नोंदीत पलटण होती १०३ मराठा लाइट इन्फन्ट्री. १९२२ च्या पुनर्रचनेत ती पाचव्या मराठा रेजिमेंटची पहिली बटालियन झाली, आणि ती बटालियन आजही 'जंगी पलटण' म्हणून ओळखली जाते. तिची उभारणी १७६८ ची. आजींच्या वाक्यातला 'जंगी' हा शब्द घरचे सगळे विशेषण समजत होते, तसा मीही समजत होतो. मराठीत 'जंगी' म्हणजे लढाऊ किंवा भलेमोठे असा अर्थ होतोच, म्हणून या शब्दाला मी स्वतंत्र पुरावा मानत नाही. पण बाकीच्या जुळणीशेजारी ठेवला तर तो तोंडी परंपरेने सांभाळलेला पलटणीचा पत्ता वाटतो.

१०३ वी पलटण सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये होती. याच डिव्हिजनने मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, तैग्रिस नदीच्या काठाने बगदादच्या दिशेने कूच केले. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफॉन येथे तिचे चार हजारांहून अधिक लोक मेले किंवा जखमी झाले, आणि ती मागे सरकून कूत-अल-अमारा येथे अडकली. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत वेढा चालला. अन्न संपत आले, तेव्हा घोडे कापले गेले. धर्माच्या कारणाने पुष्कळ भारतीय शिपायांनी ते मांस बराच काळ नाकारले, आणि स्कर्व्ही व उपासमार यांनी त्यांना पोखरले. आमच्या सैनिकाच्या मृत्यूची तारीख वेढ्याच्या शेवटच्या आठवड्यांतली आहे. 'बसऱ्याला गेला' म्हणताना आजींच्या सासूच्या डोळ्यांपुढे बसरा हे एकच गाव होते. गावोगावच्या घरांत सगळ्या मेसोपोटेमियाचे नाव बसरा असेच पडले होते, कारण जहाज तिथे लागत असे.

त्याचे स्मरण बसरा स्मारकावर आहे, असे नोंद सांगते. हे वाक्य कुटुंबाला सांगताना मला थांबून समजावून द्यावे लागले. १९२९ मध्ये उभारलेल्या या स्मारकावर चाळीस हजारांहून अधिक मृतांचे स्मरण आहे. पण भारतीय पलटणींच्या फलकांवर अधिकाऱ्यांची नावे कोरून बाकी शिपायांची केवळ संख्या कोरली गेली. शिपायांची नावे राहिली ती कागदावरच्या याद्यांत. १९९७ मध्ये ते स्मारक तिथल्या गोदी भागातून उचलून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात हलवले गेले. नातवाला तिथे जाऊन नावावर हात फिरवायचा होता. तिथे नाव नाही. उठावातले नाव आहे ते खणभागातल्या देव्हाऱ्यात, चिंचेने झिजलेले.

नटाचा मुलगा पलटणीत का गेला, हा प्रश्न नातवाने पुन्हा पुन्हा विचारला. बापाच्या नाटकी शौर्याने भारावून गेला असेल, असे त्याला वाटत होते. मला ते पटत नाही. मामाच्या घरी वाढलेल्या भाच्याला मामाच्या जमिनीत वाटा नसतो, बापाला जमीन नव्हती, आणि घरात धाकटा भाऊ होता. पलटणीत दरमहा पगार होता. त्याच्या पाठीमागे आईला पेन्शन मिळाली, धाकटा शाळेत गेला, आणि आजचे कुटुंब त्या धाकट्याचे आहे. घरच्यांनी जपलेले वाक्य राजाचे आणि लढाईचे असले तरी कागद सांगतात ती गोष्ट आईची आणि पगाराची आहे.

भिंतीवरचा फोटो आजींनी काढू दिला नाही. त्याखाली बुवांचे खरे नाव आणि 'नाटकातील पोशाखात' असे लिहिलेली पट्टी नातवाने लावली. रत्नागिरीचा सैनिक वंशवृक्षातून काढला, त्याबद्दल व्हॉट्सॲपवर दोन दिवस वाद झाला आणि मिटला. पुढच्या सुगीनंतर हेळवी पुन्हा आला, तेव्हा आजींनी त्याला पायलीभर जोंधळे, धोतर आणि पाचशे रुपये दिले आणि वही उघडायला सांगितली. 'पलटणीत' या शब्दापुढे त्याने पेन टेकवले आणि विचारले, "काय लिहू?" आजी म्हणाल्या, "बसऱ्याकडं वारला. लग्न नाही. भावाचा वंश सांगलीत."